अहिराणी लग्नगीतांवर काम करायचंय : विद्यापीठाच्या ग्रंथालयात काय काय शोधू?

पांझराकाठ
खानदेशात बोलल्या जाणाऱ्या अहिराणीतल्या लग्नगीतांवर पीएच.डी.चा आराखडा द्यायचा आहे. ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत) 'खानदेश' टाकलं की थोड्याच नोंदी येतात, त्यातही निम्मी क्रमिक पुस्तकं. पूर्वसंशोधनाचा आढावा तेवढ्यावर कसा उभा राहणार? शोधप्रबंध सोडून अभ्यासाची आणखी कुठली साधनं ग्रंथालयात असतात, आणि ती कुठल्या कपाटात सापडतात?

कपाट_४९१
आधी शब्द बदलून बघा. खानदेश, खान्देश, खांदेश ही तिन्ही रूपं छापात आहेत आणि ओपॅक तुम्ही टाइप केलेलंच रूप शोधतं. जुन्या नोंदी बऱ्याचदा रोमन लिपीत भरलेल्या असतात, म्हणून तोच शब्द रोमनमध्येही दोन-तीन स्पेलिंगनी टाका. 'अहिराणी'चंही तसंच.

मग प्रत्यक्ष फडताळाशी जा. ड्यूई वर्गीकरणात मराठी भाषा ४९१.४६ ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि लोकसाहित्य ३९८ ला. एका पुस्तकाला एकच जागा मिळते. त्यामुळे ओव्यांचा एक संग्रह ३९८ ला असतो, तसाच दुसरा ८९१.४६ मध्ये कवितासंग्रहांत मिसळलेला असतो. चूक कुणाचीच नाही, वर्गीकरण करणाऱ्याने शीर्षक वाचून ठरवलेलं असतं. ४९१.४७ कडेही एक चक्कर मारा. तिथे गुजरातीसोबत भिली येते आणि अहिराणीवरचं काही तिकडे गेलेलं असू शकतं.

ग्रिअर्सन या इंग्रज काळातल्या अभ्यासकाच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात तर हमखास फसगत होते. मराठीचा खंड सातवा (१९०५), म्हणून सगळे तोच उघडतात. अहिराणी 'खानदेशी' या नावाने आहे नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७), भिल भाषांसोबत. वर्गवारी पटो न पटो, आढाव्यात तिची दखल घ्यावीच लागते, कारण पुढचा सगळा 'बोली की भाषा' वाद तिथून फुटतो.

सूचीकार
शोधप्रबंधांबद्दल. शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणं, प्रत्येकाची वेगळी पीडीएफ. पहिल्यांदा संदर्भसूचीची फाइल उतरवा, ती शेवटाकडे असते. चार प्रबंधांच्या संदर्भसूच्या शेजारी ठेवल्या की कोणती पुस्तकं सगळीकडे येतात ते तासाभरात कळतं. ओपॅकने आठवडाभरातही तेवढं दिलं नसतं.

मराठी प्रबंधांत एक अडचण हमखास येते. बरेच जुने प्रबंध युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. पीडीएफमध्ये 'अहिराणी' शोधलं तर शून्य येतं आणि शब्द मात्र पानभर दिसत असतो. तिथे डोळ्यांनीच चाळायचं.

शिवाय यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) प्रबंधाची ई-प्रत बंधनकारक केली ती २००९ च्या नियमांनी. त्याआधीचे काही प्रबंध नंतर स्कॅन होऊन चढले, सगळे नाहीत. जळगावचं विद्यापीठ १९९० चं. त्याआधी खानदेशातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाकडे होती, म्हणून त्या काळातले प्रबंध पुण्यात जयकर ग्रंथालयात विचारा. एम.फिल.चे लघुप्रबंध ऑनलाइन फारसे मिळत नाहीत, ते प्रत्यक्ष मागूनच बघावे लागतात. प्रबंध घरी देत नाहीत, वाचनकक्षातच बसावं लागतं. वही न्या, आणि छायाप्रतीचा नियम आधी विचारा.

तापीपल्याड
गौरवग्रंथ आणि परिषदांची इतिवृत्तं राहिली. खरा माल तिथे दडलेला असतो. निवृत्त प्राध्यापकाच्या गौरवग्रंथात पंचवीस लेख असतात, त्यातला एक नेमका हळदीच्या गाण्यांवर असतो आणि ओपॅकमध्ये नोंद फक्त ग्रंथाच्या नावाची. फडताळासमोर उभं राहून अनुक्रमणिका वाचण्याला पर्याय नाही.

बांधीव नियतकालिकांतही तीच गत. बांधणीवाला मुखपृष्ठं काढून टाकतो, कडा कापतो, मग महिना आणि अंक कुठला हेच कळत नाही. लेखाच्या आधी-नंतरची पानं पलटून अंकाचं पहिलं पान गाठा आणि संदर्भ तिथल्या तिथे लिहून घ्या.

पांझराकाठ म्हणजे धुळ्यातच आहात तर राजवाडे संशोधन मंडळ (स्थापना १९२७) सोडू नका. मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकाचे जुने अंक एकेक करून चाळा.

कपाट_४९१
गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, सुटलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा, १८८० चा. तेव्हा जिल्हा एकच होता. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, त्यामुळे त्यानंतरच्या सरकारी अहवालांत 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश' अशी नावं शोधावी लागतात. धुळे, जळगाव ही जिल्ह्यांची नावं १९६० नंतरची, नंदुरबार १९९८ चा. आणि बागलाण-मालेगावकडची अहिराणी घेणार असाल तर सोळावा खंड, नाशिकचा, १८८३.

पांझराकाठ
बागलाण घ्यायचंच आहे, म्हणजे सोळावा आला. एक विचारतो : चर्चासत्रांनंतर निघणारी आयएसबीएनवाली संपादित पुस्तकं ढीगभर दिसतात. ती आढाव्यात चालतील?

सूचीकार
आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक. प्रकाशकाने मागितला की मिळतो. लेख कुणी तपासला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. अशा लेखात तीन गोष्टी बघा : गीत कुठल्या गावात, कुणाकडून, केव्हा मिळालं हे दिलंय का, गीताची संहिता पूर्ण आहे की दोन ओळी देऊन पुढे रसग्रहण, संदर्भात पृष्ठक्रमांक आहेत का. पहिली गोष्ट असेल तर बाकीचं कच्चं असलं तरी साधन म्हणून घ्या, मत म्हणून नको.

तापीपल्याड
संहितेवरून आठवलं. जुन्या संग्रहांत संपादकांनी अहिराणी रूपं 'शुद्ध' करून छापली आहेत. 'नवरदेवना' चं 'नवरदेवाचा' केलं की 'ना' प्रत्यय गेला, म्हणजे भाषेच्या अभ्यासातून ते गीत बाद. प्रस्तावना आधी वाचा, संपादनाचं धोरण बहुतेक तिथेच कबूल केलेलं असतं. एकाच गीताची दोन संग्रहांतली रूपं समोरासमोर ठेवून एक तक्ता करा भो, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात तो थेट लावता येईल.