काथ्याकूट: पायथॉनच्या क्लासमधला ऐच्छिक अ‍ॅट्रिब्यूट 'नन' ठेवायचा की ठेवायचाच नाही?

खटपट्या:
टीममध्ये दोन दिवस यावरून जुंपलीय. ऑर्डरची पोच तारीख माल पोचल्यावरच कळते. एक जण म्हणतो, कळेल तेव्हाच अ‍ॅट्रिब्यूट (ऑब्जेक्टला जोडलेली माहिती) लावा, तोवर हॅसअ‍ॅटरने (तो आहे का ते सांगणारं फंक्शन) बघा. माझं म्हणणं, असू शकतं ते सगळं इनिटमध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) दिसावं, नसेल तर नन, म्हणजे 'काही नाही'. नाहीतर कुठला अ‍ॅट्रिब्यूट कुठल्या फाइलीत उगवतो ते हुडकत बसा.

बिनधास्त:
नन भरलं की प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. अ‍ॅट्रिब्यूटच नसेल तर अ‍ॅट्रिब्यूटएरर जागच्या जागी बोंब मारतो. नन मात्र गुपचूप तीन फंक्शनं ओलांडतो आणि तारखांच्या वजाबाकीत टाइपएरर होऊन उगवतो. मग शोधा कुठून आला.

खटपट्या:
हॅसअ‍ॅटरचा मार खाल्लाय म्हणून बोलतोय. 'एकूण रक्कम' ही प्रॉपर्टी होती, म्हणजे वाचायला गेलं की आतला कोड चालतो. तिच्या आत डिस्काउंटचं स्पेलिंग लिहिताना माझं एक अक्षर गळलं. आतून अ‍ॅट्रिब्यूटएरर उठला, हॅसअ‍ॅटरने तो गिळला आणि 'रक्कमच नाही' सांगून मोकळा! बिलं रकमेविना निघाली. (पायथॉन २ मध्ये तर तो जवळजवळ कुठलाही एरर गिळायचा, ३.२ पासून फक्त हाच. मला तेवढा पुरला.)

टाइपवाली:
मायपाय (टाइप तपासणारं टूल) चालवा हो. टाइप लिहिलेले असतील तर नन न तपासता केलेली वजाबाकी तो कोड चालण्याआधीच अडवतो. फक्त 'ऑप्शनल' या टाइपच्या नावाला फसू नका. त्याचा अर्थ 'नन चालेल' एवढाच, 'दिलं नाही तरी चालेल' असा नाही. ३.१० पासून उभी रेघ मारून 'तारीख किंवा नन' लिहिता येतं, ते जास्त प्रामाणिक.
आणि प्रोफाइल अपडेटमध्ये फोन नंबर न पाठवणं वेगळं, मुद्दाम पुसणं वेगळं. तिथे एकटा नन अपुरा. 'दिलंच नाही' यासाठी एक वेगळं ऑब्जेक्ट बनवा आणि 'इज'ने (तेच ऑब्जेक्ट आहे का ते) तपासा.

बिनधास्त:
मायपायचं मान्य. पण मग 'पोचलेली ऑर्डर' हा वेगळा क्लासच का नाही? तारीख तिथे सक्तीची, नन नकोच.

खटपट्या:
पोचलेली, रद्द, परत आलेली, अर्धी परत आलेली... किती क्लास काढू? हां, तारीख, सही आणि घेणाऱ्याचं नाव एकदमच येतात. त्या तिघांचा 'पोच' नावाचा डेटाक्लास (मुख्यतः माहिती ठेवणारा क्लास) करतो आणि ऑर्डरमध्ये एकच नन ठेवतो.

बिनधास्त:
ऑर्डरचाही डेटाक्लास करून स्लॉट्स (नावांची ठरलेली यादी) चालू कर, म्हणजे बाहेरून अ‍ॅट्रिब्यूट चिकटवायची माझी खोडही मोडेल.