साडेसातची रोझरी आणि 'चिडकी' मुलं

गिरीजची सून: कालपासून वसईभर एक पोस्ट फिरतेय: 'ज्या ख्रिस्ती घरात साडेसातला रोझरी (जपमाळेची प्रार्थना) नाही, तिथली मुलं चिडकी आणि हेकट निघतात. आयांना मोबाइल सोडवत नाही.' लिहिणारे नक्की रिटायर्ड असणार. मी चर्चगेटहून विरार लोकलला लोंबकळत घरी पोचते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. चौथीतला मुलगा दारातच उभा असतो, वर्गात कुणी चिडवलं ते सांगायला. त्याला काय म्हणू, आधी रोझरीची पाच रहस्यं, म्हणजे पाचही टप्पे, मग तुझं रडगाणं? लहानपणी आमच्याकडे हेच चालायचं. गुडघे टेकून पेंगलं की आजोबांची टपली. म्हणे भावनिक वाढ!

निर्मळचा आजा: ती पोस्ट माझीच. टपल्या आम्हीही खाल्ल्या, मेलो नाही. एकत्र प्रार्थना करणारं कुटुंब एकत्र राहतं, हे फादर पॅट्रिक पेटन जगभर सांगत फिरले. भावाशी दिवसभर अबोला असला तरी संध्याकाळी त्याच्याच शेजारी गुडघे टेकावे लागायचे. शेवटी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा, की राग गेला. कुठला काउन्सेलर हे शिकवतो?

नंदाखाल एक्स्प्रेस: रोझरीचं सोडा हो! आजी मराठीत म्हणते, नातू इंग्रजीत पुटपुटतो. फादर दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपण कॉलर ताठ केली. आणि पोरं?

गिरीजची सून: तुमची कुठल्या मीडियमला?

नंदाखाल एक्स्प्रेस: इंग्रजी. पण घरी आमची कादोडी बोलीच बोलतो.

पापडीकर: म्हणजे कादोडी तेवढी भाषा, आमची वाडवळी काय कोंबड्यांची?

नंदाखाल एक्स्प्रेस: तसं कोण म्हणालं? उगाच अंगावर येऊ नका.

पापडीकर: दरवेळी हेच. कुठलाही विषय निघो, तुमची गाडी कादोडीवरच.

सांडोरची टीचर: भांडण संपलं असेल तर विषयावर येते. पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबावरच्या लेखनात घरासाठी तीनच शब्द सांगितले: कृपया, धन्यवाद, क्षमा. मुलांवर अष्टौप्रहर पहारा म्हणजे शिक्षण नव्हे, हेही त्यातच आहे. आम्ही झोपताना एकच रहस्य म्हणतो, मग ज्याने त्याने आज कुणाला दुखावलं ते सांगायचं. परवा मुलगी म्हणाली, 'पपा माझ्यावर ओरडले, पण सॉरी म्हणाले नाहीत.' नवऱ्याने आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाला.

निर्मळचा आजा: एका रहस्याला रोझरी म्हणत नाहीत, टीचर. बाकी बापाने पोरीला सॉरी म्हणणं आमच्या काळात शक्यच नव्हतं, तेवढं मान्य. ज्यांची लोकल उशिरा येते त्यांनी नऊला करा. पण पाचही रहस्यं.

गिरीजची सून: उपकार झाले, काका. नऊला तो घोरत असतो. टपली मारायला तुम्ही येता का?

पापडीकर: या, पण येताना वाडवळी शिकून या.