हॉस्पिटलचा आणि कॅम्पचा शुगर डेटा एकत्र करायचाय, कसा करू?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, पब्लिक हेल्थ करतेय, शेवटचं वर्ष. डेझर्टेशनसाठी दोन ठिकाणचा डायबेटिसचा डेटा हाताशी आहे. एक पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या ओपीडीचा, त्यात लॅबमधली फास्टिंग शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), आणि दुसरा मुळशी-भोरकडच्या गावांतल्या कॅम्पचा, तिथे फक्त बोट टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेली शुगर. सर म्हणतात दोन्ही फाइली एकाखाली एक जोड, शहर/गाव असा कॉलम टाक आणि कर तुलना, सँपल साइज पण वाढेल. मला खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येईना. एक सीनियर म्हणाला कॉम्बॅट वापर, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजमापातला फरक काढून टाकणारी पद्धत, सगळं एका लेव्हलला येतं. खरंय का?

लॅबवाले काका
आधी आकडा आला कुठून ते बघ. ग्लुकोमीटरच्या आयएसओ स्टँडर्डमध्येच १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे लॅबमध्ये १२० असेल तर मशीनने १०२ दाखवली काय नि १३८ दाखवली काय, मशीन पासच. आणि डायबेटिसची फास्टिंगची रेघ आहे १२६ वर, बरोब्बर मधेच. शिवाय कॅम्पला आजी येतात, उपाशी आहात ना विचारलं की हो म्हणतात, मग हळूच कळतं "नुसता चहाच तर घेतला". फॉर्मवर मात्र फास्टिंग. जेवणानंतर तर बोटातली शुगर शिरेतल्यापेक्षा जास्तच येते.
लॅबचा आकडा म्हणजे देववाणी असंही नाही हं, राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये रक्त घेतलं नसेल आणि ते तसंच पडून राहिलं तर पेशी शुगर खात बसतात, तासाला ५ ते ७ टक्के उतरते.

डेटाहमाल
काकांना +१. कॉम्बॅट २००७ चं आहे, मायक्रोअ‍ॅरेच्या (जीन्स मोजायच्या चाचणीच्या) बॅचेससाठी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी मोजलेल्या गटांसाठी काढलेलं, आणि ते चालतं कधी तर प्रत्येक बॅचमध्ये तुलना करायच्या दोन्ही प्रकारची माणसं असतील तेव्हा. तुझ्याकडे गाव म्हणजे ग्लुकोमीटर आणि शहर म्हणजे लॅब, एकाच वेळी दोन्ही पद्धतींनी मोजलेला म्हणून माहीत असलेला एकही माणूस नाही, मग मशीनचा फरक कुठला आणि गावाचा कुठला हे सॉफ्टवेअरला कळणार कसं? पुसेल तर दोन्ही पुसेल. वर ओपीडीत लोक येतात तेच तक्रार घेऊन, कॅम्पला गंमत म्हणूनही येतात, त्यामुळे शहरात डायबेटिस जास्त असं उत्तर येणारच, ते न मोजताही सांगता आलं असतं.
आणि एचबीएवनसीवरून शुगर काढायच्या फंदात पडू नकोस. सूत्र आहे, २८.७ ने गुणून ४६.७ वजा, ६.५ ला साधारण १४० येते, पण ती दोन-तीन महिन्यांची सरासरी झाली, फास्टिंग नव्हे. त्यात लोह कमी असलेल्या बायकांमध्ये एचबीएवनसी उगाच वाढलेलं दिसतं.

पौडफाटा
अजून एक, तीच बाई दोन्ही फाइलींत असू शकते, पौडहून एसटी पकडून ओपीडीत येणारे कमी नाहीत. एकीकडे सुनिता दुसरीकडे सुनीता, एकीकडे माहेरचं आडनाव एकीकडे सासरचं, नुसतं नाव जुळवून काही हाती लागत नाही. वयाचा पण ग्राफ काढून बघ, ४०, ४५, ५० वर खांब उभे दिसले तर समज अंदाजे लिहिलंय. नावं वापरायला एथिक्स कमिटीची परवानगी लागेल ते वेगळंच.
पुण्याजवळच्या गावांत १९९३ ला सुरू झालेला पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी बघ, तीच कुटुंबं वर्षानुवर्षं धरून ठेवलीत, तिथे आईचा डेटा मुलाला जोडता येतो कारण जोडायचं हे आधीच ठरलेलं होतं.

सिंहगडरोडकर
बाप रे. मग सरांना काय सांगू, विषय बदलते म्हणून? सबमिशन जवळ आलंय.

डेटाहमाल
विषय नको, प्रश्न बदल. शहर विरुद्ध गाव सोडून दे. वजन वाढतं तशी शुगर वाढते का हे हॉस्पिटलच्या फाइलीत वेगळं बघ, कॅम्पच्या फाइलीत वेगळं, आणि मग दोन्हीकडे कल एकाच दिशेला आहे का ते मांड. फाइली जोडायच्याच नाहीत, निष्कर्ष शेजारी ठेवायचे. जमलं तर पुढच्या कॅम्पला पन्नासेक जणांचं बोटातलं आणि शिरेतलं रक्त एकाच वेळी घे, मीटर किती सरकतो ते तरी कळेल, सरांना हे पटतं बहुतेक.
फक्त नुसता "ओव्हरवेट: हो/नाही" असा कॉलम असेल तर घेऊ नकोस. कोणी बीएमआय २५ च्या वर धरतं, कोणी आपल्याकडच्या लोकांसाठी २३. उंची-वजनाचे कच्चे आकडेच माग, आणि ते आजच माग, कारण ते द्यायला लोक महिना लावतात.