मदत हवी आहे: कॅशे लावूनही ऐन लिलावाच्या वेळी साइट पडते (शेअर्ड होस्टिंग)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकरोडला राहते. लासलगाव, विंचूर आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे भाव देणारी छोटी वेबसाइट चालवते. वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, होस्टिंग शेअर्ड, म्हणजे एकच सर्व्हर अनेक साइट्सना वाटून दिलेला. एका वेळी २० एन्ट्री प्रोसेसची, म्हणजे सर्व्हरवर एकाच वेळी पानं बनवणाऱ्या कामांची मर्यादा. सकाळचे भाव टाकून व्हॉट्सॲपच्या गटांत लिंक पाठवली की दहा मिनिटांत ५०८ची एरर, 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. दुपारी सगळं सुरळीत.

कॅशे प्लगइन आहे (एकदा बनलेलं पान साठवून तेच पुढच्यांना देतं), प्रीलोड (पानं आधीच बनवून ठेवणं) चालू आहे. भाव शिळे दिसू नयेत म्हणून साठवलेल्या पानांची मुदत १ तासाची ठेवली. त्यानंतर त्रास उलट वाढला. होस्टिंगवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या, पण जाहिरातींतून जेमतेम डोमेनचा खर्च निघतो. माझे वडील ट्रॅक्टर भरायच्या आधी भाव बघतात, तसे कितीतरी शेतकरी बघतात. त्याच अर्ध्या तासात साइट बंद असेल तर ती चालवायची कशाला? फार जीव तुटतो. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, पानं किती आहेत? आणि एक भाव टाकला की सगळा कॅशे पुसला जातो का?

धागाकर्ती
जुन्या भावांसकट १८००च्या आसपास. हो, सगळाच पुसला जातो.

प्रतिसाद १
मग दुखणं तिथेच आहे. तुम्ही भाव टाकता, कॅशे रिकामा होतो, प्रीलोड १८०० पानं नव्याने बनवायला बसतो आणि तेव्हाच लोक येतात. २० प्रोसेसपैकी काही प्रीलोडच अडवून ठेवतो. गेल्या वर्षीचे भाव आता बदलणार नाहीत, त्या पानांना ३० दिवसांची मुदत द्या. नवा भाव आला की मुखपृष्ठ आणि त्या बाजाराचं पान, एवढंच पुसा. प्रीलोड बंद करा. लिंक पाठवण्याआधी लॉगआउट होऊन ती दोन पानं स्वतः एकदा उघडा, म्हणजे गर्दीला तयार पान मिळेल.

आणखी एक. कॅशेतलं पान एचटीॲक्सेसच्या (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) नियमांतून थेट जातंय ना? ते पीएचपीतून (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) जात असेल तर कॅशे असूनही दर वाचकामागे एक प्रोसेस लागते.

धागाकर्ती
आज रात्रीच बदलते. पण वरच्या पट्टीत ताजा भाव दर ३० सेकंदांनी ॲडमिन-एजॅक्सकडून (पान उघडं असताना मागून माहिती देणारी वर्डप्रेसची फाइल) येतो. तोही कॅशेत जातो का?

प्रतिसाद १
नाही. पान उघडं असेपर्यंत प्रत्येक फोन दर ३० सेकंदांनी अख्खं वर्डप्रेस उठवतो. भाव साठवतानाच एक छोटी जेसन फाइल (नुसत्या माहितीची साधी मजकूर फाइल) लिहून ठेवा आणि पट्टीला तीच वाचू द्या. आधी हे करा, कॅशेचं नंतर.