विकिपीडियावरचा लेख भरवशाचा आहे की नाही हे पोरांना कसं शिकवायचं?

निशिगंध_बाई:
नमस्कार मंडळी. मी नववीला इतिहास शिकवते, मराठी माध्यम, तालुक्याची शाळा. दर वर्षी प्रकल्प आले की निम्म्या वह्यांत नेटवरचा मजकूर असतो, कधीकधी तर पुरावा नसलेल्या वाक्यापुढे विकिपीडिया टाकतं ते "संदर्भ हवा" हे शब्दसुद्धा पोरांनी तसेच उतरवून काढलेले असतात. यंदा एका मुलीने शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा लिहिलाय, तिच्याच बाकावरच्या दुसरीने १६३० चा, आणि दोघी म्हणतात बाई नेटवर आहे. मी रागाच्या भरात म्हणाले आजपासून विकिपीडिया बंद, तर एक जण हळूच म्हणाली, बाई मग आम्ही बघायचं कुठं, आमच्या घरी पुस्तकं नाहीत. दोन दिवस झाले ते डोक्यातून जात नाहीये. बंदी घालून मी त्यांचंच नुकसान करणार हे कळतंय, पण मग लेख चांगला की टाकाऊ हे नववीतल्या पोरीने ठरवायचं कसं? मी स्वतः आजवर खाली संदर्भांची लांबलचक यादी दिसली की लेख चांगला असंच धरून चालत आलेय. बरोबर आहे का हे?

डिचोलीकर:
बाई, शेवटचं जे लिहिलंत ना तिथेच माणूस फसतो. आमच्या गावाचंच सांगतो. २००७ च्या जुलैत इंग्रजी विकिपीडियावर कोणीतरी आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या संघर्षावर लेख टाकला, की १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात इथे युद्ध झालं, मग तह झाला वगैरे वगैरे, चांगला साडेचार हजार शब्दांचा लेख, खाली पुस्तकांची नावं पण व्यवस्थित. दोनेक महिन्यांत त्याला "चांगला लेख" हा विकिपीडियाचा दर्जासुद्धा मिळाला. आणि मग डिसेंबर २०१२ मध्ये एकाने ती पुस्तकं शोधायला घेतली तेव्हा कळलं की तसली पुस्तकंच नाहीत, आणि युद्धही कधी झालेलं नाही, सगळं मनानं रचलेलं. पाच वर्षांच्या वर आमच्या गावात न झालेली लढाई लोक खरी म्हणून वाचत होते. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

आता बघा, १६४० ला महाराज दहा वर्षांचे, तेव्हा मराठा साम्राज्य कुठून येणार? डिचोली तर तेव्हा आदिलशाहीत होती. तुमच्याकडे चौथीला शिवछत्रपती शिकलेल्या पोरालाही हे खटकलं असतं. दर्जा देताना भाषा बघितली असेल, मांडणी बघितली असेल, पण पुस्तक हातात घ्यायला कोणी गेलं असतं तर तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. म्हणून पोरींना यादी मोजायला नका सांगू, यादीतलं कुठलंही एक पुस्तक खरंच आहे का आणि त्यात तेच लिहिलंय का एवढं शोधायला सांगा.

चावडीवरचा:
मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून संपादन करतो म्हणून थोडं आतलं सांगतो. मराठीतला लेख म्हणजे इंग्रजी लेखाची मराठी आवृत्ती असा पुष्कळांचा समज असतो, तसं नाहीये, दोन्ही विकिपीडिया वेगळे, लिहिणारे वेगळे, इंग्रजीत चूक दुरुस्त झाली तरी मराठीत ती वर्षानुवर्षं राहू शकते. आणि आपल्याकडे बरेच लेख इंग्रजीवरून भाषांतर होऊन येतात, त्यांच्याबरोबर खालचे संदर्भही जसेच्या तसे येतात, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याने ते पुस्तक पाहिलेलंसुद्धा नसतं. वाक्य वाचून जीभ अडखळली, मराठी माणूस असं कधीच बोलणार नाही असं वाटलं, तर मशीनने केलेलं भाषांतर समजा आणि मूळ लेख काढून ताडून बघा.

दुसरं म्हणजे वरचं "इतिहास पहा" दाबायला शिकवा, पोरांना ते फार आवडतं. कोणी कधी काय बदललं सगळं तिथे दिसतं, अख्खा लेख एकाच माणसाने लिहून सोडलाय की दहा जणांचा हात फिरलाय, कालच कोणी उत्पात करून आकडा बदललाय का, तेही कळतं. शेजारी "चर्चा" असतं, तिथे भांडणं झालेली असतील तर वाचायची, कारण लेखातली कच्ची जागा बहुतेक तिथेच सापडते.

तुमच्या जन्मसालाचंच घ्या ना. १६२७ हे साल बखरींतून चालत आलेलं, पुढे टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची जुनी वही, छापली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ सापडलं, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आणि आज सरकारी जयंतीही याच तारखेला असते. मी तरी लेख असाच पारखतो, नुसता आकडा फेकलाय की कुठून आला आणि आधी काय मानत होते तेही सांगितलंय.

वाईकर_काका:
एवढी शोधाशोध पोरांकडून कशी व्हायची? सरळ मराठी विश्वकोश दाखवा की. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी आमच्या वाईत उभा केलेला, वीसही खंड नेटवर फुकट आहेत, नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, संदर्भग्रंथ असतात, जाणकारांनी तपासलेलं असतं. एवढी मोठी इस्टेट आपल्याच भाषेत पडलीय आणि पोरांना तिचं नावसुद्धा माहीत नसतं, जीव तुटतो अगदी.

चावडीवरचा:
काका, शंभर टक्के पटलं, मीही आधी तिकडेच जातो. फक्त साल बघायची सवय तिथेही हवीच. पहिला खंड १९७६ चा, त्यातल्या अहमदनगर जिल्ह्याच्या नोंदीत लोकसंख्या १९७१ ची, आता तर जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालंय. महाराजांची, संतांची नोंद असेल तर विश्वकोशच, पण आजची लोकसंख्या किंवा नवा कायदा बघायला तो कसा चालेल? आणि तज्ज्ञांनी लिहिलं म्हणून चूक नाहीच असंही नसतं. नेचर साप्ताहिकाने २००५ ला विज्ञानाचे ४२ विषय तज्ज्ञांना तपासायला दिले होते, विकिपीडियात लेखामागे साधारण चार चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या इंग्रजी ज्ञानकोशात तीन. ब्रिटानिकाने ते निष्कर्ष मान्य केले नाहीत ही गोष्ट वेगळी, आणि ते विज्ञानापुरतंच होतं, जातीपातीच्या नाहीतर राजकारणाच्या लेखांना तो हिशोब लावू नका, तिथे ओढाताण भयंकर असते.

निशिगंध_बाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. डिचोलीचं वाचून तर मी सुन्नच झाले, कारण मीही त्या लेखाला पूर्ण मार्क दिले असते.

आज दोघींना वह्या घेऊन कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हटलं मला तुमची पानं उघडून दाखवा. १६२७ वालीने घेतलं होतं ते पान कुठल्यातरी भलत्याच साइटचं निघालं, ना लिहिणाऱ्याचं नाव, ना तारीख, ना एक संदर्भ. आणि १६३० वालीने विकिपीडियावरून घेतलं होतं. म्हणजे जिचं बरोबर होतं तिलाच मी अख्ख्या वर्गासमोर बोलले. तिथेच तिची माफी मागितली, उद्या वर्गातही मागणार आहे.

गुरुवारी कॉम्प्युटरचा तास मिळालाय, प्रत्येकाने आपल्या लेखातला एक संदर्भ शोधायचा असं ठरवलंय, आणि काका, विश्वकोशही त्याच तासाला उघडणार. जेधे शकावलीतली ती जन्माची ओळ मला पोरींना डोळ्यांनी दाखवायचीय. कोणाकडे छापील प्रत असेल तर त्या पानाचा फोटो इथे टाकाल का?