झोपेचं सोंग आणि मॅग्नेशियमचा भपका

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांचे फोटो काढणारा पत्रकार जेकब रीस. त्याच्या फोटोंतली सगळी गरीब मुलं नकळत टिपलेली आहेत, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. त्याच्या एका फोटोत भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून झोपलेली तीन अनवाणी पोरं आहेत, तो मोठा करून बघा. उजेड चक्क दिवसाचा. रात्रीच्या मुक्कामाचा देखावा करून द्यायला सांगितलं आणि पठ्ठ्यांनी डोळे मिटले, इतकंच.

गरिबांच्या खोल्यांच्या आतले फोटो मात्र वेगळे. 1887 च्या सुमारास मॅग्नेशियमच्या पुडीचा फ्लॅश आला, तेव्हा कुठे त्या बिनखिडकीच्या अंधारात कॅमेरा शिरला. आधी ती पूड पिस्तुलातून उडवायचे. मध्यरात्री दारात पिस्तूल बघून माणसं घाबरायची, म्हणून रीसने पूड पेटवायला चक्क फ्राइंग पॅन घेतलं! एकदा आंधळ्या भाडेकरूंच्या खोलीत फ्लॅशच्या ठिणगीने भिंतीवरच्या कागदांना आग लागली. त्यानेच ती विझवली. बेयर्ड स्ट्रीटच्या खोलीत दाटीवाटीने पडलेल्या लोकांचे ते किलकिले डोळे बघा. तिथे संमती वगैरे कुणी विचारली असेल, असं वाटत नाही.