प्रशिक्षणाची नोंदणी फुल्ल, पण खुर्च्या रिकाम्या. पत्रकात काय बदलावं?

प्रश्न: विभागीय शैक्षणिक साहाय्य केंद्राच्या मासिक पत्रकात नेमणुका, बदल्या आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या सूचना एकत्रच जातात. ३० जागा भरतात, येतात निम्मेच. कुठे चुकतंय?

उत्तर १: प्रशिक्षण वर घ्या, बाकी खाली. 'गणित कार्यशाळा' एवढ्यावरून काहीच कळत नाही. 'तिसरी-चौथी, कागदी पट्ट्यांनी अपूर्णांक. कात्री आणि आपल्या वर्गातल्या ५ वह्या सोबत आणा' असं लिहा. वह्या काढून ठेवलेला शिक्षक सहसा येतोच.

उत्तर २: खरी अडचण वर्ग कोण सांभाळणार ही असते. सोय नसेल तर मुख्याध्यापक ऐनवेळी सोडत नाहीत. म्हणून त्यांची संमती अर्जातच घ्या, निदान ३ आठवडे आधी. प्रतीक्षायादी ठेवाच. आठवणीचा मेसेज ७ दिवस आणि १ दिवस आधी पाठवा, त्यात 'येऊ शकत नाही' कळवायची लिंक हवी. ती नसली की रिकामी जागा थेट त्या दिवशी सकाळी कळते, तोवर यादीतल्यांना बोलावायची वेळ निघून गेलेली असते.

उत्तर ३: नेमणुकीच्या बातमीत नुसतं अभिनंदन नको. विषय कोणता, शाळा कोणत्या, फोन कोणाला करायचा, तेही द्या. जुना नंबर तसाच राहिला की शाळा भलतीकडेच फोन करत बसतात.